इंजिनाच्या आवाजाखालची बारा नावं

बिरा,

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि मी अजून दाराला कडी लावूनच लिहायला बसतो. भरदुपार आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, पलीकडच्या खोलीत आपल्या मशीनवर लग्नपत्रिका छापल्या जातायत. निवडणूक झाली, आणीबाणी उठली, सरकार बदललं. कडेगावच्या चौकात माणसं पुन्हा मोठ्यानं भांडायला लागली. बायको म्हणते, "आता कोण येतंय तुम्हाला धरायला? काढा की ती कडी." तिला काय सांगू? पोलीस येतील म्हणून कडी लावलेली नाही. तुझ्या गावचं कुणीतरी येईल म्हणून लावली आहे. कुणीतरी जतच्या गाडीनं उतरेल, दारात उभं राहील आणि म्हणेल, "मास्तर, ती टेप तेवढी ऐकवा."

ती टेप मी पुसली, बिरा.

हे वाक्य मी वर्षभर तोंडात घोळवतोय. तू समोर बसलेला असताना कितीदा जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि चहाबरोबर गिळलं. आता तू नाहीस तर कागदावर पटकन उतरलं. माझं शौर्य हे असलं, माणूस गेल्यावर येणारं.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर तुझ्यासाठी जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. त्या जागेत तुझा जन्म कधीचा, तू पलटणीत किती वर्षं होतास, मागं कोण आहे, असलं लिहून मी सुटू शकतो. लोक वाचतील, हळहळतील, आणि मी आणखी एकदा वाचेन. म्हणून ते लिहीत नाही. तुझ्याशीच बोलतो.

आठवतंय, आपण पुण्याला कसे गेलो ते? कुठल्याशा थंड देशातल्या पत्रकारांच्या मंडळानं ठरवलं होतं, की आपल्यासारख्या गरीब देशांतल्या छोट्या वर्तमानपत्रांना हात द्यायचा. तीन आठवड्यांचं शिक्षण आणि शेवटी प्रत्येकाला एकेक टेपरेकॉर्डर. प्रत्येक पेपरातून दोघांनी यायचं, एक लिहिणारा आणि एक यंत्र सांभाळणारा. लिहिणारा मी होतोच. शाळेची नोकरी सोडून चार पानी साप्ताहिक काढणारा खुळा मास्तर म्हणून माझी ख्याती होती. यंत्रवाल्याचा विचार करताना तू आठवलास. पलटणीत वायरलेसवर काम केलेला, जतच्या पुढून पोस्टकार्डावर बातम्या पाठवणारा, एका कार्डात चार बातम्या बसवणारा बिरा कोळेकर. तोवर मी तुला पाहिलंही नव्हतं. स्वारगेटला तू घोंगडं खांद्यावर टाकून उतरलास आणि पहिलं वाक्य बोललास, "मास्तर, अक्षरावरनं तुमी जाड वाटला हुता."

आपल्याला शिकवणारा तो परदेशी पाहुणा ज्वारीच्या ताटासारखा उंच होता. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना विचारलं, वर्तमानपत्राचं काम काय? मी उठून इंग्रजीत लोकशाहीवर भाषण ठोकलं. मध्ये दोनदा अडखळलो, पण ठोकलं. तुझी पाळी आली तेव्हा तू उभा राहिलास, सावधानसारखे हात मांड्यांना लावलेस आणि पलटणीतल्या हिंदीत म्हणालास, "साब, लाइन चालू रखना." दुभाष्यानं ते सांगितल्यावर पाहुण्यानं खडूनं फळ्यावर लिहिलं आणि शिबिर संपेपर्यंत पुसू दिलं नाही. माझ्या भाषणातला एक शब्द त्यानं लिहिला नव्हता. मला तुझा राग आला होता, खरं सांगतो.

पाहुण्याची कल्पना साधी होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पेपर ऐकावा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पेपरात बोलावं. तू ती कल्पना जतकडच्या बाजारात नेलीस. रेकॉर्डर पोत्यात गुंडाळून सायकलला बांधायचास, बाजारच्या दिवशी लिंबाखाली घोंगडं अंथरायचास, आणि आपल्या अंकातल्या बातम्या तुझ्या आवाजात ऐकवायचास. अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत. मग माणसं म्हणायची, आमचं बी घ्या की. ती बोलायची, तू भरून घ्यायचास, मी इथं कडेगावात बसून कागदावर उतरवायचो. सांगली-साताऱ्याच्या मोठ्या पेपरांना ठाऊक नव्हतं ते आपल्या चार पानांत यायला लागलं. त्या दोन वर्षांइतका मी कधीच सुखी नव्हतो. हे तुला कधी बोललो नाही, आज बोलतो.

आपलं भांडण तिथंच सुरू झालं. पाहुणा एकदा तुझ्या गावी आला होता, घोंगड्यावर मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून बसला होता. एक एक जण बोलायला आला आणि प्रत्येकानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग बापाचं, मग गावाचं, मग बिरोबाची आण घेतली आणि मगच तक्रार. पाहुणा दुभाष्याकरवी म्हणाला, "नाव घेऊ नका. नुसतं 'एक मेंढपाळ' म्हणा. हे लोक उद्या अडचणीत येतील. आमच्याकडे असं झालेलं आहे." तुझा म्हातारा चुलता हसला. म्हणाला, "नाव न सांगता बोलतंय ते येक तर चोर, न्हाई तर भूत. घोंगड्यावर बसून बोलायचं तर नाव सांगावंच लागतंय. न्हाई तर त्या बोलण्याला कोण इचारतंय?"

मी पाहुण्याच्या बाजूनं होतो. तू चुलत्याच्या. पाहुण्याला जतपर्यंत सोडताना गाडीत तू मला म्हणालास, "आवं मास्तर, बिननावाची तक्रार साहेबाच्या टेबलावरनं फुंकरीनं उडती. नाव असलं की जड हुती." मी म्हणालो, "जड होते ती बोलणाऱ्याच्याच डोक्यावर पडते." तू म्हणालास, "पडू द्या की. डोकी लय हायती." सगळे हसले, मी सोडून. ते भांडण आपण कितीदा केलं, बिरा! आणि दर वेळी शेवटी तू एकच म्हणायचास, "तुमास्नी भ्या लय." मी म्हणायचो, "आणि तुला भीती म्हणजे काय तेच माहीत नाही. तू काय सांगणार मला?" यावर तू नुसता हसायचास. त्या हसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

भीती मला होतीच. आमच्या घरात थोरला पलटणीत, धाकटा पलटणीत, मधला मी कुत्रं भुंकलं तरी वाट बदलणारा. आई म्हणायची, ह्याच्या वाटणीचं धाडस दोघा भावांनी दुधाबरोबर पिऊन टाकलं. ते हसण्यावारी जायचं. आणीबाणी आली आणि त्यातलं हसू गेलं.

मजकूर आधी साहेबाला दाखवायचा आणि मग छापायचा, असा हुकूम आला. पहिल्या महिन्यात माझे दोन लेख तांबड्या रेघांनी भरून परत आले. तिसरा मी पाठवलाच नाही. नंतर मी कांदा साठवण्याची रीत छापली, कोंबड्यांचे रोग छापले, एका अंकात तर आवळ्याचे गुण पान भरून छापले. तू अंक हातात घेऊन म्हणालास, "मास्तर, तुमचा पेपर आता कोंबड्याच वाचत्यात." मी चिडलो. पण तुझं खरं होतं.

मग रेडिओवर परकी हात, परकी हात सुरू झालं. देशात जे काही बिघडतंय ते परदेशी पैशानं बिघडतंय म्हणे. आणि आपल्याकडे तर परदेशी रेकॉर्डर, परदेशी कॅसेटी, परदेशी पत्रं! ज्या यंत्रावर मी गावभर मिरवलो होतो ते एका आठवड्यात विस्तव झालं. पाहुण्याची सगळी पत्रं मी चुलीत घातली. त्या पाकिटांवरची तिकिटं शेजारच्या शिंप्याच्या मुलीला दिली होती, ती गोळा करायची. मी तिच्या घरी जाऊन ती मागून आणली आणि तीही जाळली. पोर रडली. तिच्या आईनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, माझ्यापाठी तिकिटं लागली होती.

अशात गेल्या उन्हाळ्यात तू आलास. सायकल नाही, पोतं नाही, धोतराच्या सोग्यात एक कॅसेट. तुझ्या गावाला पाण्याचा टँकर आठवड्यातून तीनदा येतो असं कागदावर होतं आणि प्रत्यक्षात तो एका बड्या बागायतदाराच्या विहिरीत रिकामा होत होता. बारा माणसं त्यावर बोलली होती. घोंगड्यावर बसून, नावासकट. तू म्हणालास, "हितं छापता येत न्हाई, ठावं हाय मला. पुण्याच्या माणसाकरवी पाहुण्याला धाडू. त्यो तिकडं ऐकवंल. तवर तुमच्यापाशी ठेवा."

माझ्या पाचावर धारण बसली. "माझ्यापाशी का?"

"कारन तुमच्यापाशी असंल असं कुत्र्याला बी वाटणार न्हाई," तू म्हणालास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. पुण्याचा माणूस महिन्याभरात येणार होता.

मी ती टेप एकदाच ऐकली, आवाज अगदी बारीक करून, कान लावून. आधी तुझा आवाज. "मी बिरा म्हाळाप्पा कोळेकर." पुढं गावाचं नाव, तारीख, वार, पलटणीतल्या खणखणीत रीतीनं. मग एकेक जण. चौथ्या नंबरला एक बाई होती. तिनं स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबली. तू मागून म्हणालास, "मालकाचं बी घ्यावं लागंल, आक्का." मग बराच वेळ नुसती टेप फिरल्याची घरघर. आणि मग ती नवऱ्याचं नाव बोलली, इतक्या हळू, की तिनंच ऐकलं नसावं. जन्मात पहिल्यांदा घेतलं असेल. टँकरच्या पाण्यासाठी घेतलं. मी टेप बंद केली. तिच्या नावासमोर पोलीस काय लिहितील ते मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मोठ्या अक्षरात मला माझं नाव दिसत होतं.

पाचव्या दिवशी साध्या कपड्यातले दोघे छापखान्यात आले. बसले, पाणी मागितलं, अंक चाळले. "परदेशातनं काय येतं का मास्तर तुम्हाला?" मी नाही म्हणालो. "एखादं यंत्र?" मी म्हणालो, बिघडलंय, पडून आहे. "बरं," म्हणाले आणि गेले. एवढंच. मला कुणी हात लावला नाही, आवाज चढवला नाही. ते गेल्यावर मी दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर आणि कॅसेट पिशवीत घालून मी मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर गेलो. हंगामाचे शेवटचे दिवस होते. चरकाचं इंजिन धडाडत होतं, गडी चिपाडं वाहत होते, कुणी मला रस दिला, कुणी काकवी. इंजिनाच्या खोलीत रेकॉर्डर ठेवला आणि टेप नव्यानं भरायची दोन बटणं एकदम दाबली. अर्धा तास एक बाजू, अर्धा तास दुसरी. बाहेर बसून मी रस पीत होतो आणि मेव्हण्याशी उसाच्या जातीवर बोलत होतो. आत तुझी बारा माणसं एकेक करून इंजिनाखाली जात होती. ती नवऱ्याचं नाव घेणारी बाई कितव्या मिनिटाला गेली असेल याचा मी हिशेब करत होतो, हेही तुला सांगून टाकतो.

परत येताना मला हलकं वाटलं. हे सगळ्यात वाईट.

तुला सांगणार होतो. पण त्याच आठवड्यात तुला नेलं, तुझ्या यंत्रासकट. टेपेपायी नेलं एवढंच कळलं; कुठल्या ठाण्यात, कुणी, ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. अकरा दिवस. वहिनी मेंढरं चुलत्याकडे सोडून कडेगावपर्यंत आली होती, माझ्या दारात. दाराला कडी होती. मी घरी नव्हतोच. मी म्हसवडला बहिणीकडे होतो. सिद्धनाथाचा नवस आहे म्हणून सांगून गेलो होतो. नवस कसला, लपायला गेलो होतो. देवळाच्या ओवरीत बसून बसून मला एकच सुचत होतं. आत्ता उठावं, गाडी पकडावी, कॅसेट कुठल्याही ठाण्यातल्या साहेबाच्या टेबलावर ठेवावी आणि म्हणावं, 'ही घ्या. ऐका. चरकाचं इंजिन आहे. सोडा त्याला.' त्यांना टेपच हवी होती ना? टेप होती. नावं नव्हती. तू नुसतं माझं नाव सांगितलं असतंस तरी कुणाचंही काही बिघडलं नसतं, बिरा, माझ्याशिवाय. तुला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी प्रसादाचे पेढे खात होतो.

सुटल्यावर तू पहिला माझ्याकडे आलास. घरी जायच्या आधी. उजवा पाय ओढत होतास, ओठ फाटलेला होता. बसलासही नाहीस. दारातच हळू आवाजात विचारलंस, "सुखरूप हाय न्हवं?"

मी म्हणालो, "आहे."

तुझा चेहरा जो उजळला, बिरा! "मग झालं तर," म्हणालास. "न्हाई सांगितलं आपन. येकाचं बी नाव न्हाई गेलं भाईर." आणि वळून चालू लागलास. मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतर ते 'आहे' वाढतच गेलं. पुण्याचा माणूस आलाच नाही, तोही घाबरला असावा. त्याचे उपकार मानले. आणीबाणी उठली तेव्हा तू म्हणालास, आता बाजारात ऐकवू. मी म्हणालो, सेल मिळत नाहीत. तू सेल आणलेस. मी म्हणालो, यंत्र दुरुस्तीला टाकलंय. मग तू म्हणालास, पाहुण्याला पत्र तरी लिहा, टेप शाबूत हाय म्हणून कळवा. ते पत्र मी लिहिलं. माझ्या इंग्रजीत, माझ्या अक्षरात. आमच्या सहकाऱ्यानं हालअपेष्टा सोसून ध्वनिफीत वाचवली आहे, असं. मजकूर तू दोनदा मराठीत वाचून घेतलास आणि म्हणालास, "हालअपेष्टा खोडा. उगं पावण्याला वाईट वाटंल."

मग तुझी छाती बिघडली. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याजवळ बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस आधीपासूनच खराब असेल. असेल. डॉक्टरांना त्या अकरा दिवसांबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. तू डोळे मिटून पडला होतास. मी म्हणालो, "बिरा, एक सांगायचं होतं." तू डोळे न उघडता म्हणालास, "सांगा की." तेवढ्यात नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं. ती पाच मिनिटांत गेली. मी परत आत गेलो नाही. व्हरांड्यात उभा राहिलो आणि मग कडेगावची गाडी पकडली.

तू गेल्याच्या चौथ्या दिवशी पाहुण्याचं पत्र आलं. निरनिराळ्या गरीब देशांतले पत्रकार तिकडे एकत्र जमणार आहेत. त्या सभेत त्याला ती टेप ऐकवायची आहे. 'त्या बारा माणसांनी नाव सांगून बोलून दाखवलं; नाव घेऊ नका हा माझा सल्ला चुकीचा होता, हे मला सभेत सांगायचं आहे,' असं लिहिलंय. तुला आणि मला बोलावलंय. तो बिचारा आपलं भांडण हरला असं कबूल करतोय, बिरा, आणि ज्याच्या जोरावर करतोय ते माझ्या कपाटात इंजिन होऊन पडलंय.

मी उत्तर लिहायला घेतलं. 'उन्हाळ्याच्या उष्म्यानं ध्वनिफीत निकामी झाली.' छान वाक्य होतं. जतचा उन्हाळा असा, की कुणीही विश्वास ठेवील. सही करणार, तोच वहिनीचा निरोप आला. "भाऊजी, दहाव्याला टेप घेऊन या. त्यांचा आवाज हाय त्यात. मला येकदा ऐकायचाय. ती बारा जनं बी येणार हायती."

काल गेलो. दहाव्याची वाट पाहवेना. सगळ्यांसमोर ते मशीन लावायचं आणि त्यातून फट फट फट... नाही. गाडी जतच्या पुढं गेली. बाहेर उन्हानं माती भाजत होती. दोनदा मनात आलं, इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी.

वहिनी अंगणात बसली होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, म्हसवड, 'आहे', पत्र. खाली मान घालून सांगितलं, मधे थांबलो असतो तर पुढं सांगता आलं नसतं. ती रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "मग त्यांनी मार कशापायी खाल्ला?"

मी आपला नेहमीचा आधार काढला, वर्षभर उशाला घेऊन झोपलेला. म्हणालो, "वहिनी, बिराची गोष्ट वेगळी होती. त्याला भीती अशी नव्हतीच. मी जन्माचा भित्रा. त्याच्या जागी मी असतो तर..."

"भीती नव्हती?" ती म्हणाली. "कुनी सांगितलं तुमास्नी?"

मी खाली घातलेली मान वर केली.

"आवं, सुटून आलं तवापास्नं मोटारीचा आवाज आला की मेंढरांत जाऊन बसायचं. वाघराच्या जाळीत, खाली मान घालून, हे एवढं पलटणीतलं माणूस. बाजाराच्या दिशी सकाळी भाकर पोटात ठरायची न्हाई, भडाभडा वकायचं. मग तोंड धुवून जायचं. धरून न्यायच्या आधी बी तेच. ती टेप भरली त्या दिशी तर हात असं कापत हुतं, की बटान मी दाबलं." तिनं हात कसे कापत होते ते करून दाखवलं. "मी म्हणायची, येवढं भ्या वाटतंय तर मास्तरांस्नी तरी बोला. तर म्हणायचं, नगं, त्यास्नी काय बी सांगू नगंस. ते आधीच लय भित्यात."

एवढं बोलून ती उठली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

पाहुण्याला लिहिलेलं ते उष्म्याचं पत्र आज सकाळी फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात गुऱ्हाळाचं लिहिलंय. उद्या दहावा आहे. बारा जण येणार आहेत, त्यात ती आक्काही असेल, आणि तिच्या तोंडावर मला सांगायचंय की तिनं घेतलेल्या नावाचं मी काय केलं. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. पाय आतापासूनच कापायला लागलेत. आजवर एवढं पुरायचं मला घरी बसायला. तुझेही हात कापायचे, बिरा, आणि तू जायचास. सकाळची पहिली गाडी सहाला आहे.